मनाला कचरागाडी नसते

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात ‘ॲक्ट’चा उल्लेख आला होता. ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे नकोसे विचार आणि भावना घालवण्याच्या मागे न लागता, त्या असताना आपल्याला मोलाचं वाटतं ते करायला शिकवणारी मानसोपचार पद्धत. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्म्यांचा सूर एकच : “म्हणजे सोसायचंच ना?” निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. पत्रं थोडी कापली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : वय ४४, राजेंद्रनगर, इंदूर. दोन वर्षांपूर्वी राजवाड्याच्या गर्दीत एकदम छातीत धडधडलं, हातपाय गार पडले, वाटलं संपलं आता. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल. तेव्हापासून गर्दी दिसली की पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, पॉझिटिव्ह विचार कर. करते. जप करते, मोबाईल काढते, दीर्घ श्वास घेते, पर्समध्ये कायम एक गोळी ठेवते. विचार काही जात नाहीत. भाचीच्या लग्नाला गेले नाही, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात पाय ठेवलेला नाही. असल्या भीतीचा ‘स्वीकार’ करून मी जगायचं कसं?

तपासण्या झाल्या आहेत हे बरं. त्या झाल्या नसत्या तर आधी तिकडेच पाठवलं असतं.

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात आजवरचे उपाय लिहा : जप, मोबाईल, श्वास, गोळी, लग्न टाळणं. दुसऱ्यात, ‘पाच मिनिटांत काय झालं’. तिसऱ्यात, ‘दोन वर्षांत काय झालं’. दुसरा रकाना छान भरेल. बरं वाटलं, सुटले, धडधड थांबली. तिसऱ्यात लग्न गेलं, सराफा गेला आणि भीती होती तिथेच, उलट तिने अंगण ओलांडून ओसरी घेतली. ॲक्टमधले तज्ज्ञ सुरुवातीच्या भेटींत हेच करून घेतात. तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं त्यातून काढू नका. आराम रोख मिळतो आणि किंमत हप्त्याने जाते, म्हणून हे उपाय सुटत नाहीत, एवढंच.

घालवायला गेलं की विचार चिकटतो का? डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. पुढची गंमत जास्त महत्त्वाची. ज्यांनी आधी अस्वल दाबलं होतं, त्यांना नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर ते इतरांपेक्षा जास्त वेळा आठवलं. विचार गेला की नाही हे पाहायला मनाला तोच विचार बाहेर काढून बघावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

आता हे वाचा : थंडीतली रात्र, कढईतून नुकते काढलेले गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, वर जिरावण मसाला, वर अर्धं लिंबू पिळलेलं. तोंडाला पाणी सुटलं ना? समोर वाटी नाही, कदाचित ऋतूही नाही. माणसाच्या भाषेची ही करामत आहे. शब्द आला की वस्तूचे गुण अंगावर घेऊनच येतो. ‘गराडू’ने लाळ सुटते तशी ‘गर्दी’ने घरच्या सोफ्यावर धडधड सुटते. ॲक्टच्या मुळाशी असलेला ‘रिलेशनल फ्रेम’ सिद्धांत याच करामतीचा आहे. म्हणून भीतीची जागा टाळली तरी भीती टळत नाही. शब्द घरात आहेत.

त्यात आपण इंदूरकर. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला वेगळा, सुका वेगळा, बादली दारात. तीच शिस्त आपण डोक्यालाही लावायला बघतो : चांगले विचार ठेवा, वाईट टाका. मनाला कचरागाडी नसते. टाकलेली पिशवी उंबऱ्यातून परत आत येते, आणि हे आत-बाहेर करण्यात दिवस जातो.

मग करायचं काय? आम्ही याला ‘जागा देणं’ म्हणतो. आधी घरी, आणि भीती १० पैकी ३-४ असताना. ९ असताना शिकायला बसणं म्हणजे पुरात पोहायला शिकणं. खुर्चीत बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, डोळे उघडे. मोबाईलवर ३ मिनिटांचा गजर लावा. पोटातला गोळा शोधा. तो नेमका कुठे सुरू होतो, बरगडीखाली की बेंबीपाशी? लिंबाएवढा की नारळाएवढा? वरवर की खोल? गार की गरम? स्थिर की फिरता? त्याची कड कुठे संपते, म्हणजे कुठून पुढे पोट नेहमीसारखं आहे? मनात म्हणा, “ही भीती. पोटात आहे.” मग गोळ्याला हात न लावता त्याच्या भोवतीचं सैल सोडा : खांदे, जबडा, पोटाचे आवळलेले स्नायू. शेवटच्या मिनिटात गोळा आहे तिथे असू देऊन घरातले तीन आवाज ऐका. कुकर, स्कूटर, शेजारचा टीव्ही, जे असेल ते. गोळाही आहे आणि आवाजही आहेत. गजर झाला की उठा आणि हातातलं पुढचं काम करा.

बिघडतं ते असं. दुसऱ्या मिनिटाला मन विचारतं, “कमी झालं का?” हा प्रश्न आला की समजा, तुम्ही पुन्हा बादली घेऊन दारात उभ्या आहात. गोळा कमी झाला तरी चालेल, वाढला तरी चालेल. ही तीन मिनिटं त्याला घालवण्यासाठी नव्हती. दुसरा बिघाड श्वासाचा. धडधडीची भीती असलेल्यांपैकी काहींना श्वास मोजायला लागलं की जास्तच गुदमरतं, कारण लक्ष छातीकडे जातं. तसं झालं तर श्वास सोडून द्या, तळव्यांखालची फरशी पुरे.

असा दहा-बारा दिवस सराव झाला की बाहेर. पहिल्यांदा सराफा नाही. संध्याकाळी साडेसातला राजवाड्यासमोर १० मिनिटं. किती वेळ थांबायचं ते घरून निघताना घड्याळावर ठरवा. ‘भीती उतरली की निघायचं’ असं ठरवलंत तर तिथेही भीतीच तुमची मालकीण राहते. चार फेऱ्या झाल्या की २० मिनिटं, मग सराफ्याच्या तोंडाशी, मग रात्री दहाला आत. दर वेळी एक कुबडी कमी करा. आधी मोबाईल पर्समध्ये, नंतर सोबतच्या माणसाचा हात सोडून, शेवटी ‘वेळ आलीच तर’ म्हणून ठेवलेली ती गोळी घरी. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेलं औषध ही कुबडी नव्हे, ते त्यांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

आणि हे सगळं कशासाठी, हे आधी ठरलेलं हवं. भीतीशी दोन हात करून दाखवायला कुणी सराफ्यात जात नाही. भाचीच्या लग्नात तुम्हाला कोण म्हणून उभं राहायचं होतं, त्यासाठी ही दहा मिनिटं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण निम्मीच सांगते. पळणारा थांबला की राक्षस नाहीसा होतो असं नाही, पण निदान पुढून दिसतो, आणि मग त्याला सोबत घेऊन चालता येतं.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, भंवरकुआँला रूम घेऊन एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोग) तयारी करतो. प्रिलिम्स दोनदा निघाली नाही. पुस्तक उघडलं की डोक्यात चालू होतं, तुझ्याने होणार नाही, तू नापासच. एका रीलमध्ये ट्रिक पाहिली, तो शब्द पटपट बोलत राहायचा. ‘नापास नापास’ बोललो, हसू आलं, मस्त वाटलं. दुसऱ्या दिवशी डबल परेशानी. ट्रिक फेल आहे का मी?

दोघेही नाही. ट्रिक रीलपेक्षा बरीच जुनी आहे. शब्द पुन:पुन्हा उच्चारला की त्याचा अर्थ गळून पडतो, हे टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये लिहून ठेवलं होतं. ॲक्टने ते उचललं. पद्धत अशी : शब्द एकच, मोठ्याने, जमेल तितक्या वेगाने, २० ते ३० सेकंद. ‘नापासनापासनापास’ म्हणत गेलं की दहाव्या सेकंदाला त्याचं ‘पासनापासना’ होतं, विसाव्याला ओठ मिटल्याचा नुसता प-प उरतो. ज्या शब्दाने रात्र खाल्ली तो ओठांचा आवाज होता, हे क्षणभर कानाला कळतं. तुला बहुधा मधे ‘पास’ ऐकू आलं आणि बरं वाटलं.

चूक तिथे झाली. ते बरं वाटणं हा प्रयोगाचा सांडलेला रस, फळ नव्हे. तू ते औषध म्हणून घेतलंस. सकाळी विचार पुन्हा आला, तू म्हणालास “ट्रिक फेल”, आणि एका विचाराचे दोन झाले. या युक्तीला आम्ही ‘विचारापासून सुटं होणं’ म्हणतो. सुटं होणं म्हणजे विचार निघून जाणं नव्हे. विचार आणि तू यांच्यात बोटभर फट पडणं. रोज वापरायला पुढचा प्रकार जास्त टिकाऊ आहे. वहीत तीन ओळी लिही :

मी नापास होणार.
मला असा विचार येतोय की मी नापास होणार.
माझ्या लक्षात येतंय की मला असा विचार येतोय की मी नापास होणार.

प्रत्येक ओळ वाचून दहा सेकंद थांब. पहिलीत तू विचाराच्या आत आहेस, तिसरीत त्याच्या समोर. मग त्या रटाळ कहाणीला एक नाव दे, ‘नापासची टेप’ वगैरे. टेप लागली की “लागली टेप” एवढंच म्हणून बोट पुस्तकाच्या ओळीवर ठेव. २५ मिनिटांची बैठक लाव, शेजारी कोरा कागद. लक्ष भरकटून परत आलं की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. रात्री रेघा मोज. जास्त रेघा म्हणजे जास्त वेळा परत आलास, तेवढंच तुझ्या हातात आहे. विचार किती आले याचा हिशेब ठेवू नकोस, तो कधीच जमेचा निघत नाही.

तू विचारशील, विचार खोटा आहे हे सिद्ध का करायचं नाही? कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत तसं करतात. पुरावे मांडतात, अतिशयोक्ती पकडतात, आणि त्याचा उपयोगही होतो. पण तुझ्या बाबतीत अर्जांच्या मानाने जागा मोजक्या आहेत. ‘नापास होईन’ हा विचार उद्या खराही ठरू शकतो, आणि तो खोटा ठरवायला बसलास तर रात्रभर वकिली करावी लागेल. ॲक्ट एवढंच विचारते : या विचाराच्या सांगण्यावरून वागलास तर पुढची २५ मिनिटं कुठे जातात?

तिसरा अटेम्प्ट द्यायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे. स्वीकार म्हणजे त्याच रस्त्यावर जन्मभर चालणं नव्हे. तो निर्णय टेप वाजत असताना, रात्री दोनला घेऊ नकोस इतकंच. झोप-भूक उडणं, कशातच गोडी न वाटणं हे सलग दोन आठवडे चाललं असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेव आणि आजच १४४१६ हा नंबर लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, २४ तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी रामबागेतील एक ७१ वर्षांचा वाचक. साक्षीभाव, स्थितप्रज्ञता, विपश्यना हे आपल्याकडे शेकडो वर्षे आहे. पाश्चात्त्यांनी त्यावर इंग्रजी लेबल लावून आपल्यालाच विकायला आणले आहे, एवढेच ना?

निम्मं मान्य. ॲक्टमध्ये ‘बघणारा मी’ नावाचा भाग आहे. विचार बदलतात, शरीर बदलतं, त्यांच्याकडे पाहणारी जागा तीच राहते, हे त्यात अनुभवायला लावतात. आपल्या साक्षीभावाशी त्याचं नातं आपण ओळखलंत ते बरोबर. जपानमध्येही शोमा मोरिता यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘जसं आहे तसं असू द्या आणि कामाला लागा’ या धर्तीचे उपचार बसवले होते. ॲक्टचे प्रवर्तक स्टीव्हन हेज यांना १९७८ मध्ये विद्यापीठातल्या एका बैठकीत पहिला पॅनिक ॲटॅक आला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. स्ट्रोसाल आणि विल्सन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९९ मध्ये ही पद्धत ग्रंथरूपात मांडली. हा आध्यात्मिक शोध म्हणून कुणी मांडलेला नाही.

फरक कसोटीचा आहे. विपश्यनेच्या दहा दिवसांत आपण किती स्थिर बसलात याला महत्त्व असेल. ॲक्टमध्ये, समजा भावाशी अबोला मोडायचं ठरलं असेल, तर तज्ज्ञ पुढच्या भेटीत विचारतो, “भावाला फोन केलात का?” केला नसेल तर साक्षीभाव कितीही खोल असो, तो दिवस कोरा धरतात. आमचा एक अनुभवाचा शेरा, रागावू नये : ‘मी आता अलिप्त झालो’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण वैराग्याच्या आड बसून तोच फोन टाळत असतात.

प्रश्न : वय ३८, वैशालीनगर. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून दीड वर्ष त्यांचं सगळं मीच करते. मुलगा दहावीत. ऑनलाइन समुपदेशकांनी ‘तुमच्या व्हॅल्यूज लिहा’ म्हणून सांगितलं. मी लिहिलं : सून म्हणून कर्तव्य, आई म्हणून कर्तव्य, चिडायचं नाही, रडायचं नाही. पूर्वी घरी मुलांना पेटी शिकवायचे, ते बंद झालं. दिवसा चिडते, रात्री अपराधी वाटतं. माझ्या व्हॅल्यूजच चुकल्या का?

शेवटच्या दोन आधी खोडा. ओग्डेन लिंडस्ले या वर्तनशास्त्रज्ञाची एक परीक्षा आहे : जे काम मेलेला माणूस तुमच्यापेक्षा चांगलं करू शकतो, ते उद्दिष्ट म्हणून धरू नका. न चिडणं, न रडणं यात मढ्याला कुणी हरवू शकत नाही. चीड आणि रडू हवामानासारखं येतं. तुमच्या हातात आहे ते चीड आलेली असताना चमचा कसा धरायचा, हे.

कर्तव्याचा गुंता जास्त आहे आणि मराठी घरात तो सोडवायला वेळ लागतो. कर्तव्य आणि मूल्य एकमेकांचे वैरी नाहीत, पण एकाच हस्ताक्षरात लिहिले की ओळखू येत नाहीत. एक युक्ती करून बघा. समजा, तुम्ही सासूबाईंचं काय आणि कसं करता हे कुणाला कधीच कळणार नाही. नणंदेला नाही, गल्लीला नाही, नवऱ्यालाही नाही. तरीही पेज कोमट आहे ना हे मनगटावर थेंब टाकून बघाल का? ‘हो’ आलं तर ते तुमचं मूल्य, कर्तव्याच्या कपड्यात. ‘नाही’ आलं तर त्या ओळीखाली ‘लोक काय म्हणतील’ची सही आहे. बहुतेकांना काही कामांना हो आणि काहींना नाही येतं. ‘नाही’ येणारी कामं कुणाला तरी वाटून देण्याची यादी तिथेच तयार होते.

मूल्य लिहायचं ते क्रियाविशेषणात. ‘सासूबाईंचं करणं’ हे काम झालं. मायेने, नीटनेटकं, की प्रामाणिकपणे, हे मूल्य. ध्येय आणि मूल्य यातला फरक आम्ही इंदूरच्या रस्त्यावर सांगतो : धारला पोचता येतं, पश्चिमेला पोचता येत नाही. मुलाची दहावी हे धार. त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारी आई असणं ही पश्चिम. ती निकालानंतरही संपत नाही, आणि आज चार पावलं चालली तरी चालल्यासारखी होते.

आता पेटी. ‘परत क्लास सुरू करायचा’ असं ठरवू नका, ते आज झेपणार नाही आणि न झाल्याचा नवा अपराध जमा होईल. पहिलं पाऊल इतकं लहान हवं की सांगायला लाज वाटावी. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की १० मिनिटं, खोका उघडून एक पलटा. कागदावर चार गोष्टी लिहा : कधी, किती वेळ, त्या वेळी मन काय बोलेल, अंगात काय येईल. मन काय बोलेल ते आम्हीच लिहून देतो : “घरात आजारी माणूस आणि ही पेटी वाजवतेय.” अंगात घशाशी काहीतरी येईल. मग एकच प्रश्न : हे वाक्य आणि हा घसा घेऊन दहा मिनिटं बसायला तयार आहे का? तयारी अर्धी नसते. जड वाटलं तर वेळ अर्धा करा, पाच मिनिटं करा, पण त्या पाचात ‘घसा बरा झाला तरच वाजवीन’ ही अट नको.

आणि एक. स्वीकार हा फक्त आतल्या गोष्टींचा. बाहेरचं जे बदलता येतं ते बदलायचंच. आठवड्यातले दोन दिवस मदतनीस बाई, रात्रीचं बघायला नवरा, नणंदेकडे महिन्यातले चार दिवस. ‘मला माया नाही, मी कोरडी आहे’ हा विचार असू द्या आणि नणंदेला फोन करा, दोन्ही एकत्र होऊ शकतं. कुणाच्या घरी मारहाण होत असेल तर तिथे स्वीकार हा शब्द उच्चारायचाही नाही. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ आहे.

प्रश्न : देवघरात बसलं की देवाबद्दल घाणेरडे विचार येतात. लगेच नाक घासते, ११ वेळा क्षमा मागते, मोजणीत चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पूजेला आता दोन तास लागतात. मी पापी आहे का? – एक गृहिणी, महू

नाही. हे विचार तुम्हालाच इतके झोंबतात कारण देव तुमच्या जिव्हाळ्याचा आहे. ज्याला देवाचं काही नाही त्याला असा विचार आला तर तो पुढच्या क्षणी भाजीचा भाव आठवतो. तुमच्या लिहिण्यावरून हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (नकोसे विचार आणि ते शमवायला तीच कृती पुन:पुन्हा करायला लावणारा आजार) असण्याची दाट शक्यता आहे. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडून समोरासमोरच करून घ्या. त्यावर औषधं आहेत आणि ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ नावाचा मुख्य उपचार आहे : विचार येऊ द्यायचा आणि नंतरची क्षमायाचना, मोजणी करायची नाही. ॲक्ट त्याला चांगली साथ देते. अमेरिकेत ७९ जणांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ भेटींच्या ॲक्टने स्नायू सैल सोडण्याच्या प्रशिक्षणापेक्षा ओसीडीची लक्षणं जास्त कमी केली.

एक धोका आधीच सांगतो. वर त्या मुलाला दिलेलं ‘मला असा विचार येतोय की…’ हे वाक्य तुम्ही ११ वेळा म्हणायला लागाल. ओसीडी कुठल्याही युक्तीचं सोवळं करून टाकतो. म्हणून तुम्हाला घरच्या घरी करायला आम्ही काहीच देत नाही. देवघरातला वेळ आधी तज्ज्ञांबरोबर ठरवा, मग तेवढाच.

प्रश्न : कंबरदुखी सहा वर्षं. एमआरआयमध्ये ऑपरेशनसारखं काही नाही. दुखणं मनाचं आहे असं तुम्हाला म्हणायचंय का? – निवृत्त शिक्षक, सुदामानगर

अजिबात नाही, दुखणं कमरेचंच आहे. दुखण्याबद्दलची कुस्ती मनाची असते, आणि तिचं वेगळं बिल येतं. दीर्घकाळच्या वेदनेत ॲक्टचा आधार चांगला भक्कम आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात अशा वेदनेसाठी तिचा विचार करावा असं म्हटलं आहे. नेहमीची चूक ही : बरं वाटलं त्या दिवशी कपाट आवरणं, बागकाम, बँक, सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं. त्याऐवजी तीन दिवस घड्याळ लावून बघा, दुखणं चढायच्या आधी किती मिनिटं बसता येतं. २० आली तर १६ पासून सुरू करा. चांगल्या दिवशीही १६, वाईट दिवशीही जमेल तितकी १६. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा. ती मिनिटं कशात घालायची हे तुम्ही ठरवा, कंबर नव्हे. लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा तापासोबत दुखलं, तर हे सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : किती भेटी लागतात? इंदुरात जायचं कुणाकडे? औषधं चालू असताना चालतं का? (हा प्रश्न नऊ पत्रांत होता.)

साधारण ८ ते १२ भेटी, दर आठवड्याला एक, ४५-५० मिनिटांची. जुन्या, गुंतलेल्या तक्रारींना जास्त. औषधांबरोबर खुशाल चालतं. तीव्र नैराश्यात तर आधी औषधाने डोकं थोडं वर आलं की मगच सराव हाताला लागतो. ज्यांच्यावर मोठा आघात झाला आहे, अपघात, अत्याचार, त्यांनी डोळे मिटून शरीराकडे बघण्याचे व्यायाम एकट्याने करू नयेत. आत गेल्यावर बाहेर यायचा रस्ता सापडत नाही असं होऊ शकतं. भास होत असतील, दारू रोजची असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात ओपीडी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याच पद्धतीवर बेतलेली सचित्र स्वमदत पुस्तिका काढली, ती नेटवर मोफत आहे. सौम्य ताणासाठी तिच्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

तज्ज्ञ निवडताना : क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर विचारायला संकोच नको. ‘सर्टिफाइड ॲक्ट थेरपिस्ट’ अशी पाटी दिसली तर हुरळू नका. या पद्धतीची आंतरराष्ट्रीय संघटना उपचारकांना असं प्रमाणपत्रच देत नाही. पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारा. एक, “माझी भीती पूर्ण जाईल का?” छातीठोक ‘हो’ आलं तर तो माणूस दुसरंच काही विकतो आहे. दोन, “दोन भेटींच्या मधे मी घरी काय करायचं?” याला ठोस उत्तर हवं : कोणतं काम, किती मिनिटं, कोणत्या वारी. “सकारात्मक राहा” असं आलं तर फी देऊन नमस्कार करा आणि दुसरा पत्ता बघा.